सातवी पिढी आणि कोकणातली गावे

महोदय,

परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर जुलै २०२४ मध्ये मॉरिशसला गेले, तेव्हा आपल्याकडची चर्चा मॉरिशसच्या अगालेगा बेटावर भारताने बांधलेली धावपट्टी आणि चीन यांच्यापलीकडे फारशी सरकली नाही. मुत्सद्देगिरी म्हटली की आपल्याला लगेच नकाशा आणि युद्धनौका दिसतात, त्याला इलाज नाही! त्याच दौऱ्यात परदेशातील पहिले जनऔषधी केंद्र सुरू झाले, ब्रिटनशी वाद असलेल्या चागोस बेटांच्या प्रश्नात मॉरिशसला असलेला पाठिंबा पुन्हा बोलून दाखवला गेला आणि भारतीय वंशाच्या सातव्या पिढीला ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डे देण्यात आली.

या शेवटच्या गोष्टीशी आमचा कोकणी माणसाचा थेट संबंध आहे. १८३४ पासून गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, म्हणून तिकडे गेलेल्यांत मराठी माणसेही होती. आजही तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. पण कार्ड हवे तर पूर्वज भारतातला होता, हे दाखवावे लागते. गिरमिटियांच्या नोंदी मॉरिशसमधल्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत. मात्र गोऱ्या कारकुनाने कानाला येईल तसे लिहिलेले गावाचे नाव ओळखायचे कोणी? तिथे बसून ते जमणे कठीण. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जुन्या महसुली दप्तरांशी या नोंदी ताडून पाहण्याचे काम राज्य सरकारने अंगावर घ्यावे. खर्च फार नाही, मोडी वाचणारी चार माणसे तेवढी लागतील.

– एक वाचक, चिपळूण