जुन्या रोल-प्लेइंग गेमसाठी नवा गेमिंग पीसी कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परीक्षा संपल्या की सोलापुरात घरोघरी पीसी घेण्याचा विषय निघतो. मुलगा वा मुलगी ‘गेमसाठी हवाय’ म्हणाली की दुकानदार थेट मोठ्या ग्राफिक्स कार्डाचं, काचेच्या कॅबिनेटचं कोटेशन काढतो. नवे गेम खेळायचे असतील तर त्याचंही बरोबर आहे. पण ज्यांना ‘बाल्डर्स गेट’, ‘फॉलआउट’, ‘प्लेनस्केप: टॉरमेंट’, ‘मॉरोविंड’ असे जुने रोल-प्लेइंग गेम (एखादं पात्र घेऊन गोष्ट पुढे नेण्याचे गेम) खेळायचे आहेत, त्यांनी एवढा खर्च करू नये असं मला मनापासून वाटतं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार, म्हणजे कंपनीची नेहमीची मोफत अपडेट, संपला आणि तेव्हापासून ऑफिसांतून, पतसंस्थांतून, कॉलेजांच्या लॅबमधून धडधाकट मशीन काढून टाकली जात आहेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, एवढाच त्यांचा दोष. या गेमसाठी ती मशीन आजही उत्तम आहेत.

१९९८ च्या ‘बाल्डर्स गेट’ने १६६ मेगाहर्ट्झचा पेंटियम मागितला होता. आज भंगारात निघणाऱ्या डेल ऑप्टिप्लेक्स ७०१० या ऑफिसच्या पीसीमध्ये बहुधा तिसऱ्या पिढीचा आय५-३४७० असतो: चार कोअर, ३.२ गिगाहर्ट्झ. म्हणजे ताकद कमी पडण्याचा प्रश्नच नाही. जुना गेम अडतो तो विंडोजच्या बदललेल्या सवयींमुळे, आणि ही अडचण लाखाच्या मशीनवरही तशीच येते. ‘नवा पीसी घेतला तरी गेम चालत नाही’ ही तक्रार म्हणूनच कानावर येते.

आधी मशीनचं बघू. सेकंडहँड पीसी घेताना मदरबोर्डवरचे कपॅसिटर डोळ्यांनी तपासावेत. वरचा सपाट भाग फुगलेला वा तपकिरी झालेला दिसला तर तो बोर्ड घेऊ नये. तारीख-वेळ दर वेळी मागे जात असेल तर घाबरायचं कारण नाही, सीआर२०३२ सेल बदलला की काम होतं. रॅम ८ जीबी घ्यावी, पण एकच काडी नको, ४-४ च्या दोन घ्याव्यात. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरतं आणि दोन काड्यांमुळे त्याला दुप्पट रुंद रस्ता मिळतो. जुनी हार्ड डिस्क काढून २४० जीबीची साधी साटा एसएसडी बसवली की मशीन बदलल्यासारखं वाटतं.

‘बाल्डर्स गेट’च्या पिढीला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ‘ऑब्लिव्हियन’ (२००६), ‘द विचर’ (२००७), ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ (२००९) इथपर्यंत यायचं असेल तर मात्र घ्यावं. ऑप्टिप्लेक्सच्या लहान कॅबिनेटमध्ये २४० वॅटचाच एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) असतो, त्यात कार्डासाठी वेगळी वायर नसते. स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, त्यात बसणारं कार्ड निवडावं: जीटी १०३० (३० वॅट) किंवा जीटीएक्स ७५० टीआय (६० वॅट). लहान कॅबिनेटला लो-प्रोफाइल पट्टीचंच कार्ड लागतं, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावं. दुकानात कार्ड हातात घेऊन पाहिलं तर बरोबर वाटतं आणि घरी आल्यावर कॅबिनेटचं झाकण लागत नाही.

सोलापूरची खास अडचण म्हणजे कापसाची तूस. पूर्व भागात किंवा एमआयडीसीच्या आसपास, जिथे यंत्रमाग चालतात, तिथल्या मशीनमध्ये नुसती धूळ नसते. पंखा आणि हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा) याच्या पात्या यांच्या मधोमध तुसाचा घट्ट, नमद्यासारखा थर बसतो. वरून ब्लोअर मारला तर तो आणखी आत दाबला जातो. पंखा सोडवून काढावा, थर चिमट्याने अख्खा उचलावा, मगच ब्लोअर मारावा. मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी, नाहीतर ती वाऱ्याने भरमसाट फिरून बेअरिंग खराब होतं. हीटसिंक काढलाच तर त्याखालची जुनी कडक थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी. हीटसिंक इंटेलचा पिनांचा असेल तर बसवताना त्याच्या चार प्लास्टिक पिना कर्णरेषेत, समोरासमोरच्या जोडीने दाबाव्यात. एक पिन जरी अर्धवट बसली तरी हीटसिंक एका कडेला उचललेला राहतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो. अशा वेळी प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास जाऊन स्वतःच वेग कमी करतो आणि मग लोक गेमला दोष देतात. शिवाय विजेचा लपंडाव. सेव्ह होत असतानाच वीज गेली तर सेव्ह फाइल अर्धवट राहते. साधा ६०० व्हीएचा यूपीएस या मशीनला पुरतो. तरीही एकाच स्लॉटवर पुन्हापुन्हा सेव्ह न करता आलटूनपालटून तीन स्लॉट वापरावेत.

आता मूळ प्रश्न, गेम चालत का नाही? बऱ्याचदा गेम ३२-बिट असतो, पण १९९० च्या दशकातल्या डिस्कवरचा इन्स्टॉलर १६-बिट निघतो. ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्रॅम चालवतच नाही. डिस्क फिरते, सेटअप उघडत नाही आणि माणूस डिस्क खराब समजून टाकून देतो. गंमत म्हणजे लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर, वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं साधन) वापरून, हेच १६-बिट इन्स्टॉलर ६४-बिट मशीनवरही चालतात. विंडोज १० चा आधार संपलेला असताना लिनक्स मिंट ही लिनक्सची सोपी आवृत्ती टाकण्याचं हे एक ठोस कारण आहे. विंडोज १० च ठेवायचं असेल तर त्या मशीनवर बँकेचे व्यवहार करू नयेत आणि खेळताना इंटरनेट बंद ठेवावं. या गेमना एकट्याने खेळताना नेट लागत नाही.

दुसरी अडचण डिस्कवरच्या कुलपाची. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या अनेक डिस्कांवर नक्कल रोखणारं सेफडिस्क किंवा सेक्युरॉम होतं. सेफडिस्कचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात घुसून चालायचा, त्यात सुरक्षेच्या त्रुटी निघाल्या. २०१५ च्या विंडोज १० ने सेफडिस्क आणि सेक्युरॉमच्या काही आवृत्त्या स्वीकारायचंच बंद केलं आणि त्याच वर्षी जुन्या विंडोजवरही अपडेटने सेफडिस्कचा ड्रायव्हर बंद झाला. यावर कुठूनतरी ‘क्रॅक’ (कुलूप तोडणारी फाइल) उतरवून घेणं हा उपाय नव्हे, मालवेअर घरात येण्याचा तो सर्वांत सोपा रस्ता आहे. असे बरेच गेम जीओजी या ऑनलाइन दुकानात कुलपाशिवाय मिळतात, सेलमध्ये तर फारच स्वस्तात. स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात रुपयांत किंमत दिसते. मूळ डिस्क तुमच्याकडे असेल तर ती खराब होण्यापूर्वी तिची इमेज (फाइलरूपात हुबेहूब प्रत) करून ठेवावी. गाणी थेट ऑडिओ ट्रॅक म्हणून असलेल्या डिस्कची आयएसओ (फक्त डेटाची इमेज) काढली तर संगीत हरवतं, तिथे बिन-क्यू अशी दोन फाइलींची जोडीच काढावी. पहिला ‘बाल्डर्स गेट’ पाच सीडींवर आला होता. त्यातली एक ओरखडली तर त्या भागात शिरताना गेम बंद पडतो.

तिसरी अडचण आपल्या लोकांनाच जास्त येते आणि इंग्रजी मदतीच्या पानांवर ती क्वचितच सापडते. विंडोजमध्ये युजरचं नाव देवनागरीत असेल तर फोल्डरचा रस्ताही देवनागरी होतो. जुने गेम युनिकोडच्या (सर्व लिपींच्या अक्षरांची पद्धत) आधीच्या पद्धतीने रस्ता वाचतात आणि देवनागरीसाठी त्या पद्धतीत जागाच नाही. त्यांना प्रत्येक अक्षराजागी प्रश्नचिन्ह दिसतं. मग गेम सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन सेव्ह करत नाही. युजरचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवावं आणि गेम प्रोग्रॅम फाइल्समध्ये न टाकता सी ड्राइव्हवर इंग्रजी नावाचं साधं फोल्डर करून त्यात टाकावा. प्रोग्रॅम फाइल्स हे राखीव फोल्डर आहे. व्हिस्टापासून विंडोज जुन्या गेमचं तिथलं लिखाण गुपचूप व्हर्च्युअल स्टोअर नावाच्या वेगळ्या फोल्डरात वळवतं. मग सेव्ह एका जागी, मॉड (गेममध्ये बदल करणाऱ्या फाइल) दुसऱ्या जागी आणि दोघांची गाठच पडत नाही.

चित्राचं म्हणाल तर ‘फॉलआउट’ (१९९७) २५६ रंगांच्या पॅलेटवर (रंगांच्या ठरलेल्या यादीवर) चालतो. विंडोज ७ वर डेस्कटॉपच ती पॅलेट बळकावायचा, म्हणून माणसांचे चेहरे जांभळे-हिरवे व्हायचे. विंडोज ८ पासून डायरेक्टड्रॉ ही चित्र काढण्याची जुनी पद्धत नीट चालत नाही, स्क्रोल करताना चित्र अडखळतं. त्यावर सीएनसी-डीड्रॉ ही लहानशी फाइल गेमच्या फोल्डरात टाकली की काम होतं. ‘डायब्लो २’ किंवा ‘अल्टिमा ९’सारख्या, व्हूडू या जुन्या ग्राफिक्स कार्डाच्या ग्लाइड पद्धतीवर खुलणाऱ्या गेमसाठी डीजीव्हूडू २ हे छोटं साधन वापरावं. ते ग्लाइड आणि जुन्या डायरेक्टएक्सचं (विंडोजच्या ग्राफिक्स-आवाजाच्या यंत्रणेचं) काम आजच्या डायरेक्टएक्सकडे सोपवतं. आवाजाबाबत एकच: व्हिस्टाने डायरेक्टसाउंड या आवाजाच्या पद्धतीचा हार्डवेअर आधार काढून टाकल्यामुळे ‘नेव्हरविंटर नाइट्स’मधला ईएएक्स परिणाम (जागेनुसार आवाज घुमवणारा) गायब झाला. डीसोल ही फाइल टाकली की गुहेतला घुमणारा आवाज परत मिळतो.

रेझोल्यूशनबाबत माझं मत ठाम आहे. हे गेम ६४० बाय ४८० साठी हाताने रंगवलेले आहेत. ते पूर्णांकाच्या पटीतच मोठे करावेत. १०८० च्या मॉनिटरवर दुप्पट म्हणजे १२८० बाय ९६०, बाजूला काळी पट्टी राहिली तर राहू द्यावी. १४४० च्या मॉनिटरवर तिप्पट, १९२० बाय १४४०, उभी उंची तंतोतंत भरते. दीडपट वगैरे केलं की काही पिक्सेल एकाचे दोन होतात, काही एकच राहतात आणि अक्षरं खडबडीत दिसतात. ‘बाल्डर्स गेट’ला वाइडस्क्रीन मॉड लावून सरळ १९२० बाय १०८० करणारे पुष्कळ आहेत. त्यात पात्रं मुंगीएवढी होतात आणि संवाद वाचताना डोळे दुखतात. त्याऐवजी मॉडमध्ये ९६० बाय ५४० भरावं आणि ते दुप्पट करून दाखवावं. पूर्ण स्क्रीन भरतो, अक्षर ठसठशीत राहतं.

वेगवान प्रोसेसरमुळे बिघडणाऱ्या गोष्टीही आहेत. ‘फॉलआउट २’मध्ये जगाच्या नकाशावरचा प्रवास प्रोसेसरच्या वेगाशी बांधलेला होता, आजच्या मशीनवर ठिपका सुसाट पळतो आणि वाटेतल्या गाठीभेटींचं गणितच चुकतं. एसफॉल या मॉडमध्ये नकाशाचा वेग बांधून ठेवण्याची सेटिंग आहे, ती चालू करावी. डॉसच्या काळातला ‘अल्टिमा ७’ (१९९२) डॉसबॉक्सवर (जुन्या डॉस मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) खेळताना सायकल्स, म्हणजे नकली प्रोसेसरचा वेग, २५ हजारांच्या आसपास ठेवाव्यात, साधारण त्या काळच्या ४८६ डीएक्स२-६६ प्रोसेसरएवढा वेग मिळतो. ‘मॉरोविंड’ (२००२) साठी सरळ ओपनएमडब्ल्यू घ्यावं. हे गेम चालवणारं, नव्याने लिहिलेलं मुक्त इंजिन आहे, मूळ गेमच्या डेटा फाइल्स तेवढ्या लागतात. आणि पैसे न घालवता सुरुवात करायची असेल तर ‘डॅगरफॉल’ (१९९६) आहे. कंपनीने तो २००९ मध्ये मोफत केला आणि युनिटी या गेम बनवण्याच्या इंजिनवर उभी केलेली त्याची नवी आवृत्ती याच ऑफिसच्या पीसीवर चालते.

एवढी खटपट कशासाठी, असं कुणी विचारेल. या गेममध्ये वाचायला लागतं आणि विचार करायला लागतो. ‘टॉरमेंट’ (१९९९) मध्ये सुमारे ८ लाख शब्द असल्याचं सांगितलं जातं, आणि तिथले महत्त्वाचे पेच तलवारीपेक्षा बोलण्याने जास्त सुटतात. ‘बाल्डर्स गेट’मधला थॅको (वार लागण्याची क्षमता दाखवणारा आकडा) नवख्यांना उलटा वाटतो, कारण तो जितका कमी तितका योद्धा चांगला. पण हिशोब सोपा आहे: तुमचा थॅको २० आणि समोरच्याचा आर्मर क्लास (संरक्षणाचा आकडा, हाही कमी तितका चांगला) ५ असेल, तर वीस बाजूंच्या फाशावर २० वजा ५, म्हणजे १५ किंवा जास्त पडलं पाहिजे. वीसपैकी सहा वेळा वार लागेल. चिलखत बदलून आर्मर क्लास ५ वरून २ वर आणला की शत्रूला त्याच फाशावर १८ लागतं, म्हणजे वीसपैकी तीनच वेळा. मार लागणं निम्म्यावर येतं. हे एकदा कळलं की पहिल्या पातळीवरचा जादूगार पुढे उभा करायचा नाही, हे कुणी सांगावं लागत नाही. आठवी-नववीच्या मुलांना संभाव्यता शिकवायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही.

म्हणून सोलापुरातल्या संस्थांना आणि महाविद्यालयांना आपल्या पत्रामार्फत एक विनंती. जुने संगणक लिलावात काढताना ते शंभराच्या लॉटने भंगारवाल्याला न देता काही नग सुटे विकावेत. यादीत प्रोसेसरची पिढी, कॅबिनेटचा आकार आणि रॅमचा प्रकार लिहावा, म्हणजे घेणाऱ्याला कार्ड व रॅम आधीच ठरवता येईल. हार्ड डिस्क पुसून किंवा काढून ठेवावी, तो संस्थेचा अधिकारच आहे. पण डिस्क बसवायचा ट्रे आणि तिच्या वायरी मशीनसोबत द्याव्यात. या ब्रँडेड मशीनचे ट्रे दुकानात सुटे सहज मिळत नाहीत.

आपला,
एक वाचक, सोलापूर