लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानातल्या काकांना मनापासून थँक्यू

काका, नमस्कार. तुम्ही स्वतः मोबाईलवर फारसं वाचत नाही पण पुतण्या दाखवतो म्हणालात, म्हणून इथे लिहितोय. मी तो पाण्याची टाकी भरली की वाजणाऱ्या अलार्मवाला. पावसाळा लागला तसा माझा अलार्म टाकी रिकामी असतानाही बोंबलायला लागला आणि मी नवीन आयसी (सर्किटमधली चिप) घ्यायला तुमच्याकडे आलो. दुसरा असता तर आयसी विकून मोकळा झाला असता, तुम्ही बोर्ड उलटा करून ट्रॅकवर, म्हणजे तांब्याच्या रेघांवर, बोट फिरवलंत आणि म्हणालात, "आयसीला काय झालंय? हा चिकटा काढ आधी."

घरी एचिंग केलेल्या (केमिकलने नको ते तांबं काढून बनवलेल्या) बोर्डवर हिरवा मास्क, म्हणजे वरचा संरक्षक थर, नसतो, त्यामुळे फ्लक्स, म्हणजे सोल्डरिंगनंतर उरणारी चिकट राळ, सरळ दोन ट्रॅकच्या मधे बसतो, त्यावर धूळ आणि आपली मुंबईची दमट हवा, मग तिथून थोडा थोडा करंट गळतो. बल्ब लावायचा असता तर काही बिघडलं नसतं, पण इनपुटला १० मेगाओहमचा, म्हणजे अगदी बारीक करंट जाऊ देणारा, रेझिस्टर असला की तेवढी गळती पुष्कळ झाली!

आणि ती धुवायची पद्धत. मेडिकलमधलं ७० टक्केवालं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) नको, त्यातल्या पाण्यात राळ विरघळत नाही, ९९ टक्केवालंच घे म्हणालात. आधी शेजारचं सोल्डरिंग आयर्न बंद केलंत, कारण आयपीएची वाफ पटकन पेट घेते. मग बोर्ड तिरका धरून, केस अर्धे कापलेल्या पेंटब्रशने घासलंत आणि ओलं असतानाच वर टिश्यू ठेवून टिश्यूवरूनच ब्रश मारलात, तो टिश्यू लगेच पिवळा पडला. नुसतं कापसाने पुसलं की पांढरी साय येते ना, ती म्हणजे तीच राळ पसरलेली, विरघळलेला माल बोर्डवरून बाहेर न्यायचा असतो हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. शेवटी ताज्या आयपीएने एकदा धार सोडलीत, बास.

बझरवरचा स्टिकर मी आवाज कमी यावा म्हणून ठेवला होता, तो धुताना आत काही जाऊ नये म्हणून असतो हेही तुमच्याकडूनच कळलं 😄

महागडा क्लीनिंग स्प्रे समोर असताना आयपीएची साधी बाटली दिलीत त्याबद्दल वेगळे आभार. अलार्म आता टाकी भरल्यावरच वाजतो, फक्त पाणी पहाटे येतं आणि खालच्या आजी वैतागल्यात, म्हणून स्टिकर परत लावलाय.