हप्ता किती ते ठरले, कधी ते कधी ठरणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राज्य सरकारच्या ‘लाडकी बहीण’ योजनेतल्या महिन्याच्या दीड हजारांचे एकवीसशे कधी होणार, यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. गावात दोन बायका भेटल्या की विचारतात ते एवढेच : ‘तुझे पडले का?’ हे पत्र त्या प्रश्नाबद्दल आहे.

महिन्याचे १,५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. रोजगार हमीची २०२५-२६ मधली राज्यातली मजुरी ३१२ रुपये धरली तर पाच दिवसांच्याही आतली कमाई. एवढ्यात घर चालत नाही, हे घेणारीलाही ठाऊक आहे. पण रोजंदारीच्या घरात पैसा तुटपुंजा असतो त्याहून जास्त बेभरवशाचा असतो. खुरपणी लागली तर आठ दिवस हाताला काम, झड लागली की पंधरा दिवस घरात बसून. अशा घराला तेल, डाळ, साखर उधारीवर आणि थोडी थोडी आणावी लागते. वहीवर लिहून घेणारीला भाव विचारता येत नाही. दुकानदार व्याज लावत नाही, पण दर त्याचा, माप त्याचे आणि मालही तो देईल तो. हातात रोख असली की तीच बाई आठवडी बाजारात चार पाट्या फिरते, तुरीची डाळ किलोने घेते, तेलाची लिटरची पिशवी आणते. शंभर-दीडशे रुपये तिथेच वाचतात. सासूची रक्तदाबाची गोळी महिन्याची एकदम येते, एक दिवसाआड देऊन पुरवावी लागत नाही. बदल दिसतो तो असा, किराणा दुकानाच्या वहीत. फोटो काढण्याजोगे त्यात काही नाही.

दुसरा बदल भिशीतला. दहा जणींनी दरमहा ५०० टाकायचे आणि चिठ्ठी निघेल तिला ५,००० मिळायचे, ही रीत जुनीच. पूर्वी ती बांगड्या-कपड्यांपुरती किंवा ज्यांच्या घरात पगार येतो त्यांच्यापुरती होती. आता मजुरी करणाऱ्या बायकाही बसतात, कारण ५०० कुठून द्यायचे ते त्यांना माहीत असते. पाच हजारांत शेळीची एखादी पाट येते, किंवा शिलाई मशीनची निम्मी रक्कम उभी राहते. अडचणीला पूर्वी शेकडा पाच रुपये महिन्याने पैसे उचलावे लागत. पाच हजारांवर ते महिन्याला अडीचशे होतात, ते वाचतात. मात्र भिशी आणि बचत गट तारखेवर चालतात. गटाची बैठक १० तारखेला, कर्जाचा हप्ता १० तारखेला, उशीर झाला तर दंड. दहापैकी तिघींचे पैसे पडले नाहीत तर चिठ्ठी निघालेलीला साडेतीन हजार मिळतात आणि पुढच्या महिन्यात गाडी रुळावरून उतरते.

आता सरकारची तारीख पाहा. जुलै आणि ऑगस्ट २०२४ चे हप्ते राखीच्या सुमारास एकत्र आले. योजना नवी होती, समजून घेता येईल. विधानसभेच्या निवडणुकीआधी ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पैसे आगाऊ मिळाले. फेब्रुवारी २०२५ चा हप्ता महिला दिनाच्या मुहूर्तावर, म्हणजे मार्चमध्ये. वेळापत्रक घराच्या गरजेने ठरते की सणावाराने आणि मतदानाने, हे वाचकांनी ठरवावे. दोन महिन्यांचे मिळून तीन हजार आले तर बिघडले कुठे, असे विचारणारे असतात. बिघडते ते असे की, मधल्या रिकाम्या महिन्यात उधारी झालेलीच असते. आलेल्या तीन हजारांतले निम्मे ती फेडण्यात जातात आणि बाजारातला फायदा तिथेच संपतो.

रकमेइतकीच ती देण्याची पद्धत महत्त्वाची असते, हे बाहेरही मोजले गेले आहे. केनियातल्या रारीएडा भागात २०११ ते २०१३ या काळात गरीब कुटुंबांना विनाअट रोख रक्कम दिली गेली, काहींना दरमहा, काहींना एकरकमी. दरमहा मिळालेल्या घरांत खाण्यापिण्याची ओढाताण कमी झाली; एकरकमी मिळालेल्यांनी टिकाऊ वस्तू जास्त घेतल्या. अनेक घरांवर गवताच्या जागी पत्रा आला. दोन्ही चांगलेच, पण घराला आधी कळायला हवे की आपल्याला यातले काय मिळणार आहे. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात ‘सेवा’ या कष्टकरी महिलांच्या संघटनेने आणि युनिसेफने याच सुमारास केलेल्या प्रयोगात माणशी २०० आणि मुलामागे १०० रुपये दरमहा दिले, पुढे ते ३०० आणि १५० केले. आकडे लहान होते, पण महिना चुकत नव्हता.

पैसे का अडतात, हे बहुतेकींना कुणी नीट सांगत नाही, म्हणून थोडे विस्ताराने. सरकार रक्कम खाते क्रमांकावर नाही, आधार क्रमांकावर पाठवते. कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेत टाकायचे याची एक देशव्यापी नोंद असते आणि त्यात एका आधारसमोर एकच बँक राहते, सर्वांत शेवटी जोडलेली. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे ही नोंद झाली, असे नव्हे. झेरॉक्स केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी असते. अनुदान याच खात्यात घेण्याचा संमती अर्ज वेगळा असतो. मोबाइलचे कार्ड घेताना किंवा कुठल्या शिबिरात अंगठा देऊन दुसरेच खाते उघडले गेले असेल आणि तिथे संमतीच्या चौकोनात खूण झाली असेल, तर पैसे त्या खात्यात जातात. बाई इकडे जुने पासबुक घेऊन रांगेत उभी. म्हणून आधी *९९*९९*१# लावून किंवा आधारच्या संकेतस्थळावर बँकेचे नाव पाहावे. बँक चुकीची दिसली तर हव्या त्या बँकेत संमती अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा तपासावे. खाते बंद पडलेले असेल किंवा केवायसी जुनी झाली असेल तर रक्कम सरकारकडे परत जाते. ‘तुझे आले नाही’ एवढेच कळते, कारण कळत नाही.

खाते साधे बचतीचे असेल तर किमान शिल्लक नसल्याचा जुना दंड पहिल्याच हप्त्यातून वळता होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये हे इतक्या ठिकाणी झाले की कपात करू नका, असे राज्य सरकारला बँकांना कळवावे लागले. काही सरकारी बँकांनी २०२५ मध्ये हा दंडच काढून टाकला; बाकीच्या ठिकाणी अर्ज करून खाते शून्य शिलकीचे करून घेता येते. नवऱ्याच्या थकलेल्या कर्जाला जामीन राहिलेल्या बाईच्या खात्यावर ‘होल्ड’ लागतो, तो तोंडी विनंतीने निघत नाही. लेखी द्यावे लागते.

मग पैसे काढणे. बँक दहा किलोमीटरवर असेल तर एका फेरीत दिवसाची मजुरी बुडते. एसटीचे अर्धे तिकीट धरले तरी तीनशेच्या वर, म्हणजे हप्त्याचा पाचवा हिस्सा. पैसे पडलेत की नाही एवढे पाहायला दोन फेऱ्या झाल्या तर राहिले काय? म्हणून बायका गावातल्या बँक मित्राकडे, म्हणजे अंगठा घेऊन पैसे देणाऱ्या बँकेच्या प्रतिनिधीकडे जातात. त्याला ग्राहकाकडून थेट पैसे घेता येत नाहीत. त्याला मोबदला बँक देते. तरी हजारामागे दहा-वीस रुपये मागितले जातात आणि दिलेही जातात. त्याहून वाईट म्हणजे ‘अंगठा लागला नाही, परत लावा’. ऊसतोड, भांडी, लावणी करणाऱ्या हातांच्या रेघा झिजलेल्या असतात, अंगठा खरेच लागत नाही. पण कधी कधी तो दोन्ही वेळा लागलेला असतो. प्रत्येक वेळी छापील पावती मागावी आणि तीवरची शिल्लक वाचून घ्यावी. खात्यातून रक्कम वजा झाली आणि हातात आली नाही तर पाच दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई बँकेने द्यायची, हा रिझर्व्ह बँकेचा २०१९ पासूनचा नियम आहे. तो भिंतीवर लावलेला आम्ही तरी पाहिलेला नाही.

‘लाडकी बहीण’ची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन पडताळणी, मात्र बीडसारख्या जिल्ह्याकडे पाठ करूनच आखली असावी. ती १८ सप्टेंबर २०२५ ला सुरू झाली, मुदत दोन महिने, पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला निघतात. कोप, म्हणजे राहायची खोपटी, उसाच्या फडावर, रेंज नाही, आणि बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी हवा होता. नवऱ्याच्या आधारला जोडलेला नंबर तीन मोबाइलपूर्वीचा असतो. विधवेला मृत्यूचा दाखला तरी दाखवता येतो. नवऱ्याने टाकलेल्या, पण घटस्फोटाचा कागद नसलेल्या बाईने कुणाचा ओटीपी आणायचा? त्यातच अर्जातले विधान नकारार्थी : कुटुंबातले कुणी सरकारी नोकरीत ‘नाही’, याला होय म्हणायचे होते. घाईत ‘नाही’ दाबले की घरात सरकारी नोकर असल्याची कबुली होत होती.

‘या पैशांमुळे बायका कामाला येत नाहीत’ अशी ओरड बागायतदारांकडून ऐकू येते. पाच दिवसांच्या मजुरीवर पंचवीस दिवस कुणी बसून खात नाही. दोनशे रुपये रोजाला ‘नाही’ म्हणण्याची सोय तेवढी झाली आहे, आणि ओरड त्याचीच आहे. उलट बाजूने, या पैशाने सगळेच सुटते असेही कुणी समजू नये. एका कोयत्याची, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीची, उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) लाखाच्या घरात असते आणि वर्षाचे अठरा हजार तिला हात लावू शकत नाहीत. आखाडात टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून वरखर्चाला घेतलेले दोन-चार हजार टळतात, इतकेच. ज्यांच्या नावावर सातबारा आहे आणि ज्या पीएम किसान व नमो शेतकरीचे मिळून वर्षाला बारा हजार घेतात, त्यांना ‘लाडकी बहीण’चे दरमहा ५०० च मिळतात. बेरीज सारखीच, पण मोठा भाग दोन-दोन हजारांच्या तुकड्यांत चार-चार महिन्यांनी येतो.

सरकारकडे मागणे अवघड नाही. अर्थसंकल्पात २०२५-२६ साठी या योजनेला ३६ हजार कोटी ठेवले होते. तारीख ठरवायला त्यातला एक रुपया लागत नाही. दर महिन्याची ५ तारीख जाहीर करावी, संजय गांधी निराधारच्या अनुदानालाही तीच लावावी. ज्यांचा हप्ता परत गेला त्यांना कारण मराठीत संदेशाने कळवावे आणि ते अंगणवाडी सेविकेलाही पाहता यावे, म्हणजे बँकेची फेरी वाचेल. नोव्हेंबर ते मार्च कोणत्याही पडताळणीची मुदत संपवू नये. आणि संपवायचीच असेल तर अंगठ्याचे आणि डोळ्यांच्या बाहुलीचे यंत्र घेऊन माणूस साखर कारखान्याच्या गाडीतळावर बसवावा, संध्याकाळी सातनंतर, कारण त्याआधी फडावरून कुणी परतलेले नसते.

आपल्या,
बचत गटांचे हिशेब लिहिणाऱ्या काही कार्यकर्त्या,
जि. बीड