आई-बाबा, फळं बंद करू नका

वॉर्सा, ऑक्टोबर

आई, बाबा, नमस्कार.

परवा फोनवर आई सहज बोलून गेली की कवळी बसवल्यापासून बाबांनी फळं खाणंच सोडलंय, सफरचंदाची फोड चावली की हिरडीला टोचतं, पेरूच्या बिया कवळीखाली जाऊन बसतात, केळं म्हटलं तर शुगर वाढेल म्हणून नको, मग जेवण झालं की चिमूटभर बडीशेप तोंडात टाकून बाबा उठतात. आणि वर पोट साफ होत नाही ही तक्रार आहेच. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून आज सगळं नीट लिहून काढतोय. बाबा, तुम्ही मोबाईलवर अक्षरं मोठी करून वाचा, आणि आई तू स्वयंपाकाचं आहे तेवढं दोनदा वाच.

फळं बंद करायची नाहीत, शिजवून खायची, एवढंच माझं सांगणं आहे.

इथे पोलंडमध्ये हे घरोघरी चालतं. फळं पाण्यात उकळून त्याचं पातळ, किंचित गोड पाणी करतात, त्याला कोम्पोत म्हणतात, आणि ते जेवणाबरोबर ग्लासातून पितात, आपल्याकडं उन्हाळ्यात पन्हं असतं ना तसं, फक्त हे बारा महिने. इथे बार म्लेच्नी नावाच्या साध्या खानावळी असतात, सरकारी अनुदानावर चालणाऱ्या, तिथे सूप आणि पिएरोगीबरोबर (सारण भरून उकडलेल्या करंज्याच म्हण) सगळ्यात स्वस्त प्यायचं म्हणजे हेच, ग्लासाच्या तळाशी फळांच्या दोन-चार फोडी असतात त्या शेवटी चमच्यानं खायच्या. मे-जूनमध्ये रुबार्बचं करतात (तो आंबट देठ असतो, फळ नव्हे), मग स्ट्रॉबेरी, मग आंबट चेरी, आणि आत्ता सफरचंद आणि प्लम. नाताळच्या आदल्या रात्री, 24 डिसेंबरला, बारा पदार्थांचं बिनमांसाचं जेवण असतं, त्यात सुक्या फळांचं कोम्पोत पाहिजेच, धुरी दिलेले सुके प्लम असतात त्यात, वास असा खमंग येतो की पहिल्यांदा कळतच नाही हे गोड आहे की काय. जड जेवण पचावं म्हणून म्हातारी माणसं ते आवर्जून पितात.

पण बाबांसाठी मी सांगतोय ते पातळ नाही, घट्टवालं. फ्रान्सकडं कंपोट म्हणजे तेच, शिजवून मऊ केलेलं फळ, वाटीत घेऊन चमच्यानं खायचं. चावायला काही लागत नाही आणि फळाचा चोथा पोटात जातो, जो पातळ गाळून प्यायल्यानं जात नाही. बाबांचं पोट साफ होण्यासाठी हा चोथाच हवाय, म्हणून आई, ज्यूस करून देते म्हणालीस ना, ते नको. ज्यूसमध्ये साखर तेवढी राहते आणि कामाचं ते गाळणीत जातं.

मला हे शिकवलं ते आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या आजींनी. मी कोल्हापूरचा म्हटल्यावर त्यांनी लगेच वळिवडे म्हटलं, मला अंगावर काटा आला. बाबा, तुम्हाला माहितीच आहे, 1943 ते 1948 आपल्या वळिवड्याला पोलिश निर्वासितांचा कॅम्प होता, साधारण पाच हजार माणसं, त्यात बायका आणि पोरंच जास्त, रशियानं सायबेरियाकडं हाकललेली आणि तिथून इराणमार्गे आपल्याकडं पोचलेली. नंतर त्याच जागी फाळणीत आलेले सिंधी लोक राहिले आणि आजचं गांधीनगर झालं, जिथं ताईच्या लग्नाचा सगळा बस्ता आपण बांधला. वॉर्सात वळिवडे-कोल्हापूरचं स्मारक आहे, 2024 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान तिथे गेले होते, टीव्हीवर तुम्ही बघितलं असणार. मी अधूनमधून तिकडून जातो. एवढ्या लांब येऊन आपल्या गावाचं नाव दगडावर वाचायचं म्हणजे काय वाटतं ते सांगता येत नाही मला. असो, तर त्या आजींनी विचारलं आई-वडील कसे आहेत, मी कवळीचं सांगितलं, तर म्हणाल्या मग सफरचंद शिजवून द्या की, त्यात काय.

आता कृती. आई, सध्या बाजारात काश्मीर-हिमाचलची सफरचंदं भरपूर आलेली असणार. महागडी, मेणानं चकचकीत केलेली परदेशी घेऊ नकोस, त्याची काही गरज नाही. उलट जी थोडी मऊ पडलीत, पिठूळ झालीत आणि नुसती खायला कुणाला आवडत नाहीत ती यासाठी एकदम चांगली, पटकन शिजतात. डागाळलेला भाग मात्र आजूबाजूच्या गरासकट कापून टाक. चार मध्यम सफरचंदं घे, साल काढ, मधला बियांचा भाग पूर्ण काढ, त्यातला तो कडक पापुद्राही, कारण तोच कवळीत अडकतो. साली टाकू नकोस. पातळ सुती फडक्यात बांधून पुरचुंडी कर आणि फोडींबरोबर पातेल्यात ठेव. सालीत पेक्टिन असतं, जॅम ज्यानं जमतो ते, त्यानं रस दाट होतो, आणि साल लाल असेल तर पूर्ण कंपोटला फिका गुलाबी रंग येतो. शेवटी पुरचुंडी दाबून पिळायची आणि मग टाकायची.

पातेलं स्टीलचं, जाड बुडाचं. ॲल्युमिनियमचं नको, आंबट फळ त्याला लागतं आणि चवही उतरते. पाणी अगदी कमी, तळाला बोटभर, अर्धी वाटी पुरे, कारण फळालाच पाणी सुटतं. दालचिनीचा एक तुकडा आणि दोन लवंगा घाल पण त्याही त्या पुरचुंडीतच बांध, लवंग चुकून वाटीत आली आणि बाबांच्या दाताखाली गेली तर ते पुन्हा हातच लावणार नाहीत. चिमूटभर मीठ. झाकण ठेवून मंद गॅसवर बारा ते पंधरा मिनिटं. आधी फोडींच्या कडा पारदर्शक होतात, मधे पांढरट राहतं, मग हळूहळू आतपर्यंत काचेसारखं दिसायला लागतं आणि चमच्याची पाठ टेकवली की फोड आपोआप पसरते. तिथे गॅस बंद. रवीनं दोन वेळा फिरवलं तरी चालेल, मिक्सरला लावायची गरज नाही, मिक्सरमध्ये ते बाळाच्या खाण्यासारखं होतं आणि बाबांना ते आवडणार नाही हे मला पक्कं माहितीय.

लिंबू शेवटी. आधी पिळलं तर आंबटपणानं फोडी लवकर मऊ होत नाहीत. साखरेचंही तसंच, सुरुवातीला घातली की फोडी आकार धरून ठेवतात, पाहुण्यांना दाखवायला छान दिसतं, पण आपल्याला मऊ पाहिजे. बाबांच्यासाठी साखर घालूच नकोस. पिकलेल्या सफरचंदात आहे तेवढी गोडी पुरते, खरंच पुरते, दालचिनीच्या वासानं जिभेला अजून गोड वाटतं. आणि बाबा, साखर नाही तर गूळ घाल असं आईला सांगू नका. कोल्हापूरचा गूळ कितीही चांगला असला तरी शुगरच्या बाबतीत तो साखरेचाच भाऊ आहे.

आणखी एक, याला वेगळा गॅस नको असेल तर वरण-भाताच्या कुकरमध्येच एक छोटा डबा ठेव, त्यात सफरचंदाच्या फोडी, पाणी अजिबात नाही, वर झाकण. तीन शिट्ट्यांत भाताबरोबर तयार. फक्त डब्याशिवाय थेट कुकरमध्ये सफरचंद कधी घालू नकोस. त्याला फेस येतो आणि तो शिट्टीच्या भोकात अडकला तर धोका असतो. हे लक्षात ठेवच.

पेरूचंही असंच होतं आणि आपल्याकडं पेरूची काही कमी नाही. साल ठेवली तरी चालते, शिजला की चाळणीतून दाबून काढायचा, बिया वर राहतात आणि खाली घट्ट, वासाचा गर पडतो. मला स्वतःला सफरचंदापेक्षा हेच जास्त आवडतं, चिमूटभर सैंधव घालून. नाशपातीही चांगली. अननस आवडत असेल तर पूर्ण पिकलेला घे आणि जरा जास्त वेळ शिजव, न शिजवलेल्या अननसानं जीभ चुरचुरते ते त्यातल्या एका एन्झाइममुळं, शिजवल्यावर ते मरतं, म्हणून शिजवलेला अननस दह्यात घातला तरी कडू होत नाही. डिसेंबरनंतर महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आली की ती पाणी न घालता पाचच मिनिटं, आणि बाबांसाठी तीही चाळणीतून दाबून. अंजीर मात्र बाबांना नको, बारीक बिया असतात.

पोटासाठी सगळ्यात चांगलं सुक्या आलुबुखाराचं. रात्री तीन-चार भिजत घाल, सकाळी त्याच पाण्यात पाच-सात मिनिटं उकळ, बिया आधीच काढलेल्या बघून घे. त्यात सॉर्बिटॉल असतं, त्यानं पोट साफ व्हायला मदत होते, त्यामुळं एकदम वाटीभर खायचं नाही. तासगावचे बेदाणे घालायचा मोह होईल, चार-पाचच घाल, ते गोड असतात. आणि बाबा, रोज किती खायचं हे तुमच्या शुगरच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. मी छोटी वाटी म्हणतोय, तीही शिरा किंवा खीर असेल त्या दिवशी नको.

आई, तू म्हणशील शिजवलेलं फळ म्हणजे आजाऱ्याचं खाणं. मग कैरी उकडून पन्हं कोण करतं? मोरावळा, साखरांबा, अननसाचा शिरा, सगळं शिजवलेलं फळच आहे आणि तुझ्या हातचं आहे. बाबांना आजारी समजून वेगळी वाटी देऊ नकोस, सगळ्यांना दे, तू पण घे. तुझे गुडघे, तुझी धावपळ, तुझ्याही पोटात काहीतरी चांगलं जायला हवंच की. शिजवल्यानं क जीवनसत्त्व कमी होतं हे खरंय, म्हणून मधून मधून पिकलेली पपई, मऊ चिकू असं कच्चंही चालू द्या, ते चावायला त्रास नाही. चिकू गोड असतो, बाबांना दोन फोडीच.

फक्त एक समजून घे, हा मुरांबा नाही. मुरांबा साखरेमुळं वर्षभर टिकतो, याच्यात साखर नाही म्हणजे टिकायचं कारणच नाही. काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये, कोरडा चमचा, आणि तीन-चार दिवसांत संपवायचं. इथल्या बायका वर्षाच्या बरण्या भरतात त्या बरण्यांसकट पाण्यात उकळून हवाबंद करतात, ते वेगळं काम आहे. आपण थोडं थोडं करू. खाताना फ्रीजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेव, गार हिरडीला लागतं.

आणि आता बाबा, खास तुमच्यासाठी. कवळी टोचते म्हणजे ती सहन करत बसायची नाही. नवीन कवळी दोन-तीन वेळा घासून नीट करून घ्यावी लागते, ते डॉक्टरांचं कामच आहे, त्याचा संकोच वाटायचं काही कारण नाही. तुम्ही आयुष्यभर कुणाला त्रास नको म्हणून गप्प बसलात, मला ते दिसायचं, पण हिरडीला जखम झाली तर ती चिघळते आणि शुगर असल्यावर भरायला वेळ लागतो. कंपोट चालू करा पण ते कवळीच्या बदल्यात नाही. तुम्हाला भाकरी, शेंगदाण्याची चटणी, तांबड्या रश्श्यातलं मटण सगळं नीट चावून खाता आलं पाहिजे.

या आठवड्यात दाताच्या डॉक्टरांकडं जाऊन या, ताईला सोबत न्या, मी तिला सांगितलंय. शनिवारी फोन करतो, तेव्हा आधी कवळीचं काय झालं ते सांगा, मग बाकीचं.

दोघांना नमस्कार.

तुमचा,
बाळू