आधी पाहा, मग देव म्हणा

पावसाळा आला की निसर्गात देव शोधणाऱ्या कविता भरभरून येतात. बहुतेक फसतात, कारण पहिल्याच ओळीत 'निसर्ग हाच ईश्वर' म्हणून टाकलेले असते. मग वाचकाला पाहायला उरते काय?

मोठ्या अभंगाचा साचा इथे फार उपयोगी पडतो. चरण चार, अक्षरे ६-६-६-४, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. मात्रा नव्हे, अक्षरे मोजायची. जोडाक्षर एकच धरायचे. तुकोबांच्या 'वृक्षवल्ली'त सोयरे, वनचरे, पक्षी आधी भेटतात. देवाचे नाव शेवटच्या चार अक्षरांसाठी राखावे. उदाहरणार्थ:

ताम्हण फुलले । जांभळ्या झुंबरी ।
तापल्या अंबरी । तूच देवा ॥

'सुंदर', 'रम्य', 'मनोहर' ही विशेषणे अक्षरे भरायला घेतली की चित्र पुसट होते. त्याऐवजी झाडाचे नाव घाला. मुंबईत नावांना तोटा नाही: ताम्हण, पांगारा, बहावा, काटेसावर. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कारवी तर आठ वर्षांनी एकदाच फुलते. २०२४ मध्ये ती बहरली होती. एवढ्या दीर्घ प्रतीक्षेवर अभंग लिहायला २०३२ ची वाट पाहायची गरज नाही, न फुललेली कारवीही उभी असतेच.

– एक काव्यप्रेमी वाचक, बोरिवली, मुंबई