विन्यास पत्र: कंट्रोलर पुन्हा ड्यूटीवर

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
4 मे

प्रिय विन्या,

"देवमासा दिसला का, एका शब्दात कळव," असा तुझा निरोप आला. दिसला. पण एका शब्दावर तू मला सोडायचा नाहीस, म्हणून हे पत्र.

जानेवारीतली पहिली फेरी तुला मुद्दामच सांगितली नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला पॉइंट रेयेस (लिहायचं रेयेस, म्हणायचं रेझ) म्हणून समुद्रात घुसलेलं एक टोक आहे. तिथलं दीपगृह 1870 सालचं. डोंगराच्या माथ्यावर असेल म्हणून वर बघत होतो, तर ते निघालं कड्याच्या पोटात, 313 पायऱ्या उतरून. माथ्यावर धुकं एवढं बसतं की तिथला दिवा बोटींना दिसलाच नसता. लेक "बाबा, गुडघा!" म्हणून ओरडत राहिली, तरी उतरलो. दीड तास कठडा धरून उभा. खालीही धुकंच. चढताना गुडघ्याने सगळी थकबाकी वसूल केली.

तो दिवस वाचवला एलिफंट सील नावाच्या समुद्री प्राण्यांनी. जवळच ड्रेक्सच्या पुळणीवर पसरलेले होते. नर दोन टनांच्या पुढचा, नाकाची सोंड लोंबती, आणि ओरडणं म्हणजे सायलेन्सर फुटलेली बुलेट. तेलासाठी माणसाने हे जवळजवळ संपवलेच होते. या टोकावर पुन्हा पिल्लं होऊ लागली ती 1980 च्या सुमारास. दोन नर छातीला छाती भिडवून भांडत होते आणि बाजूला मादी डोळे मिटून अंगावर वाळू उडवत पडली होती. आपल्या ग्रामसभेची आठवण झाली.

आता परवाचा रविवार. त्याच टोकाच्या दुसऱ्या अंगाला चिमणी रॉक म्हणतात, तिथे गेलो. वाट सपाट, दोन्ही बाजूंना रानफुलं, धुक्याचा पत्ता नाही. टोकाशी पंचाहत्तरीच्या एक बाई दुर्बीण लावून बसलेल्या, उद्यानाच्या स्वयंसेविका. मी पाण्यात पाठ शोधतोय हे बघून म्हणाल्या, पाठ नका शोधू, वाफ शोधा. करड्या देवमाशाला पाठीवर पर नसतो, नुसते उंचवटे असतात, लांबून काही कळत नाही. श्वास सोडला की मात्र फवारा उडतो, समोरून बघितला तर बदामाच्या आकाराचा. तीन-चार श्वास, मग शेपटी वर, आणि पुढची चार-पाच मिनिटं काही नाही. तेवढा वेळ डोळा पुढे सरकवत न्यायचा, कारण तो जिथे बुडतो तिथे वर येत नाही.

विन्या, बत्तीस वर्षं चिपळूण स्टँडवर कंट्रोलरकी केलेल्या माणसाला हे शिकवावं लागतं का रे? गाडी दिसायच्या आधी वळणावरची धूळ बघून आपण नंबर सांगायचो. मी खिशातली वही काढली. हा रूट तर बघ: वर अलास्काजवळचे बेरिंग आणि चुकची समुद्र, खाली मेक्सिकोत बाहा कॅलिफोर्नियाच्या खाड्या, जाऊन-येऊन 16 ते 20 हजार किलोमीटर, आणि वाटेत जवळजवळ उपास. उन्हाळ्यात उत्तरेला समुद्रतळाचा गाळ तोंडात ओढून, त्यातले कोळंबीसारखे बारीक जीव गाळून खायचे, त्या चरबीवर पुढचे महिने काढायचे. अंग एसटीपेक्षा थोडं लांब, वजन दोन भरलेल्या गाड्यांएवढं.

यांची शिरगणतीही अशी काठावर बसूनच होते. इथल्याच कार्मेल गावाच्या दक्षिणेला ग्रॅनाइट कॅन्यनच्या परिसरात 1967 पासून माणसं हिवाळ्यात दुर्बिणी घेऊन बसतात आणि दक्षिणेकडे जाणारे मोजतात. 1994 मध्ये हा मासा अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून बाहेर आला, 2016 च्या सुमारास 27 हजार झाले होते. 2025 च्या मोजणीत 13 हजारांच्या आसपास भरले. उत्तरेचा बर्फ हटतोय, तळाचं अन्न बिघडलंय. त्या वर्षी उत्तरेकडे परतताना पिल्लं मोजली गेली ती फक्त 85 च्या घरात. बाईंनी हे सांगितलं तेव्हा माझी वही कोरीच होती, आणि पहिल्यांदाच कोऱ्या पानाची भीती वाटली.

पिल्लं घेऊन निघालेल्या माद्या सगळ्यांच्या शेवटी, एप्रिल-मेमध्ये जातात. ऑर्का (शिकारी देवमासे) पिल्लावर टपलेले असतात, म्हणून आई किनारा सोडत नाही, अगदी शेवाळाच्या रानातून जाते. पूर्वी शिकारी मेक्सिकोतल्या त्या खाड्यांत शिरून पिल्लांवर भाले टाकायचे आणि आया होड्या फोडायच्या, म्हणून नाव पडलं होतं 'सैतान मासा'. घ्या! घरात शिरला कोण आणि सैतान कोण!

आणि मग आवाज आला. फुस्स. एअर ब्रेक सुटतो ना, तस्साच, कड्याच्या बरोबर खाली. वाकून बघितलं तर पाण्याखाली करडी पाठ, चुना उडालेल्या भिंतीसारखी, त्यावर खडकावर असतात तसल्या कवचांचे पांढरे पुंजके. तिच्या कुशीला चिकटून एक लहान पाठ, गुळगुळीत, काळपट. आईचा श्वास लांब, त्याचा आखूड आणि घाईचा. आई बुडाली की तेही बुडायचं, पण शेपूट नीट वर काढायला त्याला जमत नव्हतं. ती जिथे बुडाली तिथे पाण्यावर तेलकट, सपाट गोल उमटला आणि बराच वेळ तसाच राहिला.

मला गणपतीपुळं आठवलं. 2023 च्या नोव्हेंबरात ते पिल्लू वाळूत अडकलं, लोकांनी पाणी मारत ठेवलं, खोल समुद्रात ओढून सोडलं, तरी वाचलं नाही. तू दोन दिवस तिथे होतास. रात्री फोनवर दुसरं काही बोलला नाहीस, एवढंच विचारलंस, "मध्या, याची आई कुठे असेल रे?" ते देवमासे वेगळे, तो समुद्र वेगळा, मला कळतं. पण परवा खाली बघताना तुझाच आवाज कानात होता.

वहीतली नोंद उतरवून पाठवतो: 11.40. आई आणि पिल्लू. उत्तरेकडे. खाली बाईंची सही घेतली आहे. त्यांना वाटलं, आमच्याकडे अशी पद्धत असेल.

वहिनींना नमस्कार सांग. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतोय. तुझ्यासाठी दुर्बीण घेतली आहे, किंमत विचारायची नाही.

तुझा,
मध्या