एलियाहू हन्नाबी हा ज्यूंचा देव नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ठाण्यातल्या टेंभी नाक्याजवळच्या सिनेगॉगविषयी (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाविषयी) किंवा बेने इस्रायली म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या घरांतल्या मलिद्याविषयी (एलियाहूच्या आठवणीत करायच्या गोड पोह्यांविषयी) मराठीत छापून येतं, त्यात ‘ज्यूंचा देव एलियाहू’, ‘एलियाहूला नैवेद्य’ अशी वाक्यं अजूनही डोकावतात. भिंतीवर तसबीर, समोर भरलेलं ताट, म्हणजे पूजाच असणार असं आपल्या डोळ्यांना वाटतं. पण ज्यू धर्मात देवाखेरीज कोणाचीही प्रार्थना करता येत नाही. नबीची नाही, देवदूताचीही नाही.

एलियाहू हा बायबलातला नबी, हिब्रूत ‘नावी’. भविष्य सांगणारा तो नबी, हा सोपा पण अपुरा अर्थ. नबी देवाच्या वतीने बोलतो. मराठी बायबलातला ‘संदेष्टा’ हा शब्द म्हणूनच चपखल बसतो. तल्मूद हा ज्यू धर्मचर्चेचा ग्रंथ ४८ नबी आणि ७ स्त्री-नबी मोजतो. या सातजणी म्हणजे सारा, मिर्याम, दबोरा, हन्ना, अबीगईल, हुल्दा आणि एस्तेर. भविष्यांसाठी गाजलेलं दानिएलाचं पुस्तक तर हिब्रू बायबलात नबींच्या विभागात नाहीच, ते ‘लेखां’च्या विभागात आहे.

एलियाहूचं वेगळेपण असं की त्याच्या मरणाची नोंदच नाही. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात (अध्याय २) अग्निरथ येतो आणि एलियाहू वावटळीतून वर जातो. जो मेलाच नाही तो परत येऊ शकतो, म्हणून पेसाह या सणाच्या रात्री त्याच्यासाठी पेला भरतात. आठव्या दिवशी मुलाची सुंता होते तेव्हा त्याच्यासाठी खुर्ची ठेवतात. त्या खुर्चीमागची मिद्राशमधली (बायबलावरच्या जुन्या ज्यू कथा-भाष्यांमधली) कथा मजेशीर आहे. इस्रायलने देवाशी केलेला करार सोडला (सुंता ही त्याच कराराची खूण) अशी तक्रार एलियाहूने देवाकडे केली, तेव्हा ‘मग आता प्रत्येक सुंतेला तूच साक्षीला हजर राहा’ असं त्याला सांगण्यात आलं.

मलिद्याचंही तसंच. लग्नाआधी, नवस फिटल्यावर, नव्या घरात तो करतात, पण आभार मानायचे ते देवाचे, आठवण काढायची ती एलियाहूची. कृती साधी वाटते, तरी बिघडते ती पोह्यांत. जाड पोहे चाळणीत धुऊन निथळू द्यावेत. पातळ पोहे घेतले किंवा पाणी राहिलं की लगदा होतो. साधारण अर्धा किलो पोह्यांना एक मोठा नारळ खवून, चवीपुरती साखर, वेलची-जायफळ, बदाम-पिस्ते. खोबरं आयत्या वेळी मिसळावं, उन्हाळ्यात सकाळचं संध्याकाळी आंबतं. दूध-तूप घालत नाहीत, कारण पाठोपाठ मटणाचं जेवण असू शकतं आणि मांसाबरोबर दूध चालत नाही. ताटात फळं हवीतच, आणि आशीर्वादाआधी, म्हणजे खाण्यापूर्वी देवाच्या स्तुतीचे शब्द म्हटल्याशिवाय, तोंडात काही टाकायचं नाही. प्रत्येक प्रकाराचा आशीर्वाद वेगळा. केळं झाडावरचं दिसत असलं तरी त्याला ‘जमिनीच्या पिका’चा आशीर्वाद लागतो, कारण घड दिलेलं खोड पुन्हा फळत नाही. आपल्या केळीच्या बागाईतदाराला हे समजावून सांगावं लागणार नाही.

देवदूतांबद्दलचा घोळ याहून मोठा. पांढरे झगे आणि पंखांची गोंडस बाळं युरोपीय चित्रांतून आली. हिब्रू ‘मलाख’ म्हणजे निरोप्या. एका मलाखाला एकच काम. ज्यूंचा पूर्वज अब्राहाम याच्याकडे तिघे आले याचं कारण रब्बी (ज्यू धर्मपंडित) हेच देतात की कामं तीन होती. सैतानाचं तर नावच फसवं आहे. ‘सातान’ म्हणजे आडवा येणारा, विरोधी पक्षाचा. बायबलात बिलाम नावाच्या द्रष्ट्याची गाढवी अडवायला देवाचाच मलाख उभा राहतो, तेव्हा मूळ हिब्रूत त्यालाही हाच शब्द आहे (गणना २२:२२). बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकात सातान हा देवाच्या दरबारातला फिर्यादी वकील आहे, देवाविरुद्ध बंड करणारा प्रतिस्पर्धी राजा नव्हे. आणि एदेन बागेतल्या सापाला उत्पत्तीच्या मूळ मजकुरात कुठेही सैतान म्हटलेलं नाही, तो सापच आहे.

टेंभी नाक्याजवळचं १८७९ सालचं ते सिनेगॉग, शार हाशामायीम, म्हणजे ‘स्वर्गाचं द्वार’. हे शब्द अब्राहामाचा नातू याकोब याच्या स्वप्नाच्या कथेतले (उत्पत्ती २८:१७). तो तेव्हा मायदेश सोडून निघाला होता. शिडीवरून मलाख चढत-उतरत होते, तिथेच. आधी चढत, मग उतरत असा क्रम का, यावर राशी या मध्ययुगीन ज्यू भाष्यकाराचं उत्तर असं की मायदेशातले मलाख परत वर गेले आणि परदेशात सोबत करणारे खाली आले. परमुलुखी घर केलेल्या समाजाला हे नाव किती शोभतं!

जाता जाता एक विनंती. ज्यू पंचांगातल्या शवात महिन्याच्या १५ तारखेला बेने इस्रायली ज्या खंडाळ्याला एलियाहूच्या रथाची खूण पाहायला जातात, ते अलिबाग तालुक्यातलं गाव आहे. त्या बातमीला लोणावळ्याच्या घाटाचं छायाचित्र लावू नये.

आपला,
एक वाचक, ठाणे (पश्चिम)